सहा आठवड्यांचं ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ घेऊ का?

ताई,

माझं वय २६. एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. गेली काही वर्षं मैत्रिणींच्या, नात्यातल्या मुलींच्या लग्नात मेकअप करतेय आणि आता लोक पैसे देऊन बोलवायला लागलेत. माझ्या मावशीच्या मानेवर कोड आहे. एकदा मी तिचे डाग झाकून दिले, तर ती कितीतरी वेळ आरशासमोरून उठलीच नाही. तेव्हापासून मनाने घेतलंय की हेच काम करायचं.

दोन क्लास बघून आलेय. एक सहा आठवड्यांचा, ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ देणारा. त्यातच दोन दिवस भुवयांचं मायक्रोब्लेडिंगही शिकवतात. दुसरा वर्षभराचा डिप्लोमा, फी बरीच जास्त. भाऊ म्हणतो, लायसन्स नसताना कुणाच्या चेहऱ्याला हात लावणं बेकायदा आहे, उद्या कुणी तक्रार केली तर निस्तरणार कोण? सहा आठवडेवाल्या बाई म्हणतात, आमचं प्रमाणपत्र म्हणजेच लायसन्स. खरं कोणाचं? पुढे सिनेमात किंवा परदेशात काम करायचं झालं तर काय लागेल? आणि नोकरी सोडू का?

– नाव छापू नये ही विनंती

———

आधी त्या क्लासच्या बाईंचं बघू. त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि त्यांना हे माहीत असूनही त्या तसं सांगत असतील तर तेवढ्यावरूनच तो क्लास सोडून दे. प्रमाणपत्र देते संस्था. तू त्यांच्याकडे अमुक एक शिकलीस, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. लायसन्स, म्हणजे परवाना, देतं सरकार किंवा सरकारने नेमलेलं मंडळ. कुठलाही खासगी क्लास, त्याच्या कागदावर कितीही सोनेरी शिक्के असोत, परवाना देऊ शकत नाही. फार तर परवान्याच्या परीक्षेला बसण्यासाठी लागणारे तास तिथे पूर्ण होतात, तेही त्या क्लासला मंडळाची मान्यता असेल तरच.

तुझ्या भावाची काळजी रास्त आहे, पण ‘लायसन्सशिवाय बेकायदा’ हे सगळीकडे खरं नाही. तू कुठून लिहितेस ते पत्रात नाही, आणि हे सदर वाचणारी मराठी माणसं जगभर पसरलेली आहेत, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांची तऱ्हा सांगते.

भारतात मेकअप करण्यासाठी व्यक्तीला स्वतंत्र सरकारी परवाना लागत नाही. सलोन थाटलंस तर आस्थापनेची नोंदणी आणि स्थानिक संस्थेचे नियम लागू होतात, पण ते त्या जागेचे आणि धंद्याचे. ब्रिटनमध्येही नुसत्या मेकअपला परवाना नाही. तिथे अडसर दुसरीकडून येतो: विमा कंपनी तुझं मान्यताप्राप्त प्रशिक्षण बघते, आणि विमा नसेल तर बरीचशी चांगली कामं मिळत नाहीत. अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याच्या हातात आहे, त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतो. कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीच्या, म्हणजे केस, त्वचा, नखं अशा सगळ्या सौंदर्यकामाच्या परवान्यासाठी पूर्वी १६०० तासांचं शिक्षण लागायचं, २०२२ पासून ते १००० तासांवर आणलं. केवळ त्वचेच्या कामाचा एस्थेटिशियनचा परवाना ६०० तासांचा. उलट फ्लोरिडाने २०२० मध्ये फक्त मेकअप करणाऱ्यांना परवान्याच्या अटीतून मोकळं केलं. दक्षिण कोरियात वेगळीच गंमत आहे. तिथे २०१६ पासून मेकअपची स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा आहे, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. प्रात्यक्षिकात वधूचा मेकअप तर येतोच, शिवाय ग्रेटा गार्बो, मेरिलिन मन्रो, ट्विगी अशा वेगवेगळ्या काळांतल्या तारकांचे चेहरे, म्हातारपणाचा मेकअप, दाढी चिकटवणं, यांतलं काहीही करायला सांगू शकतात. परवाना असावा की नसावा यावर मतं असू शकतात, पण ‘ही व्यक्ती मेकअप आर्टिस्ट आहे’ असं म्हणण्याआधी तिच्या हातून काय काय होऊन गेलेलं असावं याची ती यादी मला मनापासून आवडते.

म्हणजे तू करायचं काय? जिथे काम करणार तिथल्या स्थानिक प्रशासनाला किंवा सौंदर्य व्यवसायाच्या मंडळाला लेखी विचार. प्रश्न नेमका असू दे: ‘मी पैसे घेऊन फक्त मेकअप करणार आहे, केस कापणार नाही, फेशियल करणार नाही, काम ग्राहकाच्या घरी जाऊन करणार आहे. मला परवाना लागतो का?’ हे तपशील महत्त्वाचे आहेत. पुष्कळ ठिकाणी सलोनमध्ये बसून केलेलं काम आणि चित्रीकरणाच्या किंवा नाटकाच्या ठिकाणी केलेलं काम यांना वेगळे नियम असतात. केसांना हात लावलास की आणखी वेगळे. उत्तर लेखी आलं की जपून ठेव आणि एक प्रत भावाला दे.

आता मायक्रोब्लेडिंग. इथे मी कडक बोलणार आहे. मेकअप त्वचेवर बसतो आणि रात्री धुतला जातो. मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक पात्याने त्वचेत चिरा पाडून रंग भरतात. तिथे रक्त येतं. रक्त आलं की हेपॅटायटिस बी आणि सी यांसारख्या आजारांचा धोका आला, निर्जंतुकीकरण आलं, सुया-पाती टाकण्याचे वैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. जिथे साध्या मेकअपला कुणी काही विचारत नाही अशा देशांतही त्वचा भेदणाऱ्या कामाला बहुधा परवाना किंवा नोंदणी लागतेच. ब्रिटनमध्ये त्यासाठी स्थानिक परिषदेकडे नोंद करावी लागते किंवा तिचा परवाना घ्यावा लागतो. दोन दिवसांत हे शिकवतो म्हणणाऱ्यांना एक तर हे गांभीर्य कळलेलं नाही किंवा कळूनही पर्वा नाही. चुकलेली भुवई त्या बाईच्या कपाळावर वर्ष-दोन वर्षं राहते, कधी कधी त्याहूनही जास्त. तू या वाटेला जाऊ नकोस. पुढे खरंच करावंसं वाटलं तर तो स्वतंत्र, लांबचा अभ्यास म्हणून कर.

‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ या शब्दांवर कुणाचीही मालकी नाही, कुणीही ते छापू शकतो. त्यामागे कोण आहे ते विचार. परीक्षा कोण घेतं? बाहेरचा परीक्षक येतो की शिकवणाऱ्या बाईच मार्क देतात? सौंदर्य व्यवसायाच्या परीक्षा घेणारी सिडेस्कोसारखी १९४६ पासून चालत आलेली संस्था आहे, ब्रिटनमध्ये सिटी अँड गिल्ड्स किंवा व्हीटीसीटी आहेत. अशा ठिकाणी अभ्यासक्रम छापील असतो, परीक्षेचे निकष आधी ठरलेले असतात आणि कुठल्या केंद्राला मान्यता आहे ते त्या संस्थेलाच विचारून पडताळता येतं. क्लासने सांगितलेलं नाव घेऊन थेट त्या संस्थेशी संपर्क साध. ‘हे तुमचं मान्य केंद्र आहे का?’ एवढं एक वाक्य पुरतं.

पण खरं सांगू, वर्षभराच्या डिप्लोमालाही मी आंधळेपणाने हो म्हणणार नाही. लांब अभ्यासक्रम म्हणजे चांगला अभ्यासक्रम असं काही नसतं. मी फक्त एका गोष्टीवर क्लास जोखते: तिथे तुझ्या स्वतःच्या हाताखालून किती वेगवेगळे चेहरे जातील? आठवड्यातून चार दिवस बाई मेकअप करतात आणि पंधरा मुली वह्या घेऊन बघतात, मग शेवटी एकमेकींवर सराव, असा वर्षभराचा क्लास असेल तर तुझे पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जाईल. आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच नितळ त्वचेच्या मैत्रिणीवर मेकअप छान होतोच. साठीच्या बाईच्या पापणीवर चुरगळलेल्या कागदासारख्या सुरकुत्या असतात, तिथे चमकदार आयशॅडो लावली की प्रत्येक रेघ उठून दिसते. मुरुमांचे व्रण असतात. तेलकट कपाळ आणि कोरडे गाल एकाच चेहऱ्यावर असतात. एक डोळा दुसऱ्याहून लहान असतो. चष्मा असतो, आणि जाड भिंगामागे डोळा लहान किंवा मोठा दिसतो. पुरुषाचा चेहरा असतो, जिथे मेकअप केलाय हे कळताच कामा नये. हे सगळं हाताला कळावं लागतं.

आणि रंग. क्लासच्या भिंतीवरचे फोटो नीट बघ. सगळ्या गोऱ्याच मॉडेल असतील तर विचार की सावळ्या आणि काळ्या त्वचेवर कोण शिकवतं, आणि त्या छटांची फाउंडेशन किटमध्ये आहेत का ते उघडून दाखवायला सांग. माझ्याकडे पहिल्यांदा मदतीला येणाऱ्या मुलींमध्ये मला हीच उणीव सर्वात जास्त दिसते. सावळ्या चेहऱ्यावर दोन छटा उजळ बेस थापायचा, मग चेहरा राखाडी दिसतो, मान वेगळी दिसते आणि सगळं खापर त्या मुलीच्या रंगावर फुटतं. मला याचा मनापासून राग येतो. ज्या चेहऱ्यावर काम करायचं त्याच चेहऱ्याचा रंग शोधायला शिकणं, त्वचेच्या पोटातली छटा पिवळसर आहे, लालसर आहे की हिरवट हे ओळखणं, डोळ्यांखालचा निळसर काळेपणा आधी केशरी किंवा पीच रंगाने मारणं आणि लाली हिरव्याने दाबणं, हा या कामाचा पाया आहे. हा पाया जो क्लास नीट घालतो तो सहा आठवड्यांचा असला तरी चालेल.

प्रकाशाबद्दल शिकवतात का तेही विचार. १९२० च्या दशकात सिनेमाची फिल्म बदलली तेव्हा आख्खा मेकअप बदलावा लागला होता. आधीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल ओठ पडद्यावर काळे उमटत. सगळे रंग टिपणारी नवी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि हॉलिवूडच्या मॅक्स फॅक्टर या मेकअप करणाऱ्याने १९२८ मध्ये तिच्यासाठी वेगळा मेकअप तयार केला. आजही तेच आहे. पिवळ्या दिव्याखाली, साधारण ३२०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप) प्रकाशात, गुलाबी वाटलेला गाल ५६०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडात लालभडक दिसतो. सिलिका असलेली बारीक पावडर डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पांढरे पट्टे उमटतात. ज्या क्लासमध्ये केलेला मेकअप खिडकीपाशी, दिव्याखाली आणि फ्लॅशने, असा तिन्ही प्रकारे बघायला लावतात, तिथे शिकवणाऱ्याला काम माहीत आहे असं समज.

यानंतर स्वच्छता. कोरियासारखा अपवाद सोडला, तर जिथे परवाना असतो तिथे तो मुळात याचसाठी असतो. आयलायनरची रेघ सरळ आली का याच्याशी कायद्याला देणंघेणं नसतं, एका माणसाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये एवढंच तो बघतो. परवाना लागो वा न लागो, हा भाग तू परवान्याच्या परीक्षेला बसल्यासारखा शीक.

क्लासच्या सरावाच्या वेळी जाऊन उभी राहा आणि फक्त हात बघ. मस्कारा लावताना एकदाच वापरायची काडी घेतात का, की तोच ब्रश परत बाटलीत? वापरलेली काडी एकदा जरी बाटलीत बुडाली तरी ती बाटली पुढच्या ग्राहकासाठी संपली. लिपस्टिक थेट ओठांना लावतात, की स्पॅट्युलाने खरवडून स्टीलच्या पॅलेटवर घेतात? क्रीम, जेल, कन्सीलर सगळ्याला हाच नियम. पेन्सिल प्रत्येक चेहऱ्याआधी टोक काढून घ्यावी लागते. ब्रश दोन चेहऱ्यांच्या मध्ये आधी साफ करायचा आणि मग निर्जंतुक करायचा. मळ असलेल्या ब्रशवर अल्कोहोल मारून काही साधत नाही. अल्कोहोल ७० टक्क्यांचं घ्यायचं, ९९ चं नाही. त्यातलं पाणी जंतूच्या आत शिरायला मदत करतं, शिवाय ते लगेच उडून जात नाही, म्हणून जास्त चांगलं काम करतं. स्पंज मात्र आतपर्यंत कधीच पुरता निर्जंतुक होत नाही, तो प्रत्येकीला नवा द्यायचा.

नकार द्यायलाही शिकवलं पाहिजे. ओठावर तापाचे फोड उठलेत, म्हणजे हर्पिस आहे, तर त्या ओठांना हात लावायचा नाही. डोळे आलेत, तर डोळ्यांचा मेकअप नाही, समोर वधू बसलेली असली तरी नाही. कृत्रिम पापण्यांच्या गोंदाची, लेटेक्सची, दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमची ॲलर्जी असू शकते. म्हणून ट्रायलच्या दिवशीच कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ ते ४८ तास वाट बघायची. ग्राहकाकडून ॲलर्जी, चालू औषधं, अलीकडे केलेलं पीलिंग (त्वचेचा वरचा थर काढणं) असं सगळं एका कागदावर लिहून सही घ्यायची. भाऊ विचारतो ना, तक्रार आली तर काय? त्याचं अर्धं उत्तर या कागदात आहे. उरलेलं विम्यात. काम पैसे घेऊन करायला लागलीस की व्यावसायिक दायित्वाचा विमा मिळतो का ते बघ.

व्हिडिओ बघून शिकता येतं का असं तू विचारलेलं नाहीस, पण मनात असणारच. क्रम कळतो, नवी तंत्रं कळतात. हाताचा दाब कळत नाही, आणि तुझा दाब जास्त होतोय हे व्हिडिओ तुला सांगू शकत नाही.

सिनेमाचं गणित वेगळं आहे. तिथे सरकारी परवान्यापेक्षा संघटनेचं कार्ड जास्त वेळा आडवं येतं. हॉलिवूडमध्ये मेकअप आणि केशरचना करणाऱ्यांची संघटना १९३७ पासून आहे, आणि आत शिरायचं तर केलेल्या कामाच्या दिवसांचे पुरावे द्यावे लागतात. भारतात तर हे कार्ड कित्येक दशकं बायकांना मिळतच नव्हतं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बाईने केस करायचे, मेकअप पुरुषाने, असा संघटनेचा दंडक होता. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांनी तो न्यायालयात नेला आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्यांच्याकडे प्रशिक्षण होतं, कसब होतं, अडलं होतं ते केवळ बाई असण्यावर. आज तू सिनेमात जाण्याचा विचार सहज करू शकतेस, त्यामागे ही लढाई आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्या क्षेत्रात जायचं असेल तर कॉन्टिन्युइटी शिक. आज चित्रित झालेल्या प्रसंगाचा पुढचा भाग तीन आठवड्यांनी चित्रित होतो आणि कपाळावरची जखम तेव्हा तिथेच, तेवढीच, तशीच ओली दिसावी लागते. प्रत्येक शॉटचे फोटो आणि टिपणं ठेवायची शिस्त आतापासून लाव. आणि पहिल्या दिवसापासून केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, ठिकाण, मोबदल्याची पावती जपून ठेव. परदेशात अर्ज करशील तेव्हा तुझा अनुभव याच कागदांवरून मोजतील. परवाना मात्र बहुधा सोबत नेता येत नाही. जिथे जाशील तिथला नियम नव्याने विचारायचा.

क्लास कुठलाही घे, त्यानंतर एखाद्या कामात मुरलेल्या आर्टिस्टच्या हाताखाली मदतनीस म्हणून जा. सुरुवातीला ब्रश धुवायला लागतील, किट मांडायला लागेल, पहाटे निघायला लागेल. वधू रडते तेव्हा डोळे कसे सावरायचे, वेळ अर्ध्यावर आली तर काय गाळायचं, मुलीला एक हवंय आणि तिच्या आईला दुसरं, तेव्हा कुणाचं ऐकायचं, हे सगळं तिथेच कळतं. (मुलीचं ऐकायचं.) दुसऱ्याच्या कामावर गेलीस की आपलं कार्ड वाटायचं नाही आणि परवानगीशिवाय फोटो टाकायचा नाही. या क्षेत्रात बोलावणं शब्दावर येतं आणि शब्दावरच बंद होतं.

तुझ्या पत्रात मला सर्वात मोलाची वाटली ती मावशीची गोष्ट, आणि तू ती ओझरती सांगून पुढे गेलीस. कोड, भाजल्याच्या खुणा, शस्त्रक्रियेचे व्रण झाकण्याच्या कामाला कॅमोफ्लाज म्हणतात आणि ती या व्यवसायाची स्वतंत्र शाखा आहे. ब्रिटिश रेड क्रॉसने १९७५ मध्ये यासाठी सेवा सुरू केली, २०११ मध्ये ती चेंजिंग फेसेस या संस्थेकडे गेली. त्यात दाट रंगद्रव्याची, पाण्याने न जाणारी क्रीम पातळ थरांनी लावतात, पावडरने बसवतात, काही मिनिटं तशीच ठेवून जास्तीची झटकतात. पण मुख्य काम वेगळं आहे. त्या माणसाला त्याची छटा शोधून द्यायची आणि रोज स्वतःच्या हाताने लावायला शिकवायचं. झाकायचं की नाही हे त्यानेच ठरवायचं, आपण सुचवायचंसुद्धा नाही. वर्षभराच्या डिप्लोमात हा विषय आहे का ते विचार. असेल, आणि वर सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींतही तो क्लास उतरत असेल, तर जास्त फी देऊन तोच घे. नसेल तर आधी छोटा पण हाताने करून घेणारा, मान्यता असलेला क्लास आणि नंतर कॅमोफ्लाजचं वेगळं प्रशिक्षण, हा मार्ग मला तुझ्यासाठी जास्त योग्य वाटतो. ते मायक्रोब्लेडिंगवालं प्रमाणपत्र दोन्हींत बसत नाही. पैसे भरण्याआधी दोन्हीकडे एक दिवस बसून बघायची परवानगी माग, आणि मध्येच सोडावं लागलं तर फी परत मिळते का ते लेखी घे. बसू देत नाहीत तिथे भरू नकोस.

नोकरी आत्ता सोडू नकोस. तुझी कामं सुट्टीच्या दिवशीच असतात, शनिवार-रविवारचे वर्ग मिळतात, आणि किट एकदम घ्यायचं नसतं. आधी फाउंडेशनच्या छटा, चांगले ब्रश आणि स्वच्छतेचं सामान, रंगीबेरंगी पॅलेट नंतर. हिशेब तुला येतो, तेव्हा प्रत्येक कामाचं वेगळं पान लिही: आलेले पैसे, वापरलेलं सामान, प्रवास, गेलेले तास. वर्षातले मंदीचे महिने धरूनसुद्धा हातात उरणारी रक्कम तुझ्या घरखर्चाला पुरते असं सलग एक वर्ष दिसलं, की राजीनामा लिही.